हॉस्टेलमधून थेट मुख्यमंत्री: प्रफुल्लकुमार महंतांचं नेमकं काय चुकलं?

घाटमाथा

सगळ्यात तरुण मुख्यमंत्री कोण म्हटलं की आपल्याकडे शाळकरी पोरगंपण शरद पवार सांगतं, १९७८, वय ३८ (खरं तर जुलैत शपथ आणि जन्म डिसेंबरचा, म्हणजे ३७च, पण असो). पण पवारांनी तोवर तीन विधानसभा निवडणुका लढवल्या होत्या, मंत्रिपद भोगलं होतं, यशवंतरावांचा हात डोक्यावर होता. त्यानंतर सात वर्षांनी आसामात एक तरुण वयाची ३३ पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मुख्यमंत्री झाला आणि त्याच्याकडे भांडवल काय, तर विद्यार्थी संघटनेचं अध्यक्षपद. ना सरपंचकी, ना झेडपी, ना आमदारकी. मंत्रिमंडळातले बरेचसे साथीदारही तसलेच, कालपरवापर्यंत पिकेटिंग करणारे.

प्रफुल्लकुमार महंत. जन्म २३ डिसेंबर १९५२, नगाव जिल्हा, कलियाबरकडचं उलुवनी गाव. १९७९ ते ८५ आसूचे (ऑल आसाम स्टुडंट्स युनियन) अध्यक्ष. हे सगळं सुरू कुठून झालं तर एका पोटनिवडणुकीतून. मंगलदोईचे खासदार हिरालाल पटवारी वारले, पोटनिवडणुकीसाठी मतदारयादी तपासायला घेतली, तर हजारो नावांवर हरकती आल्या की हे लोक बांगलादेशातून आलेले आहेत. ८ जून १९७९ ला आसूने १२ तासांचा बंद पुकारला आणि तिथून जे सुरू झालं ते सहा वर्षं थांबलं नाही. १९८० च्या लोकसभेला आसामच्या १४ पैकी १२ जागांवर मतदानच होऊ शकलं नाही, फक्त बराक खोऱ्यातल्या दोन जागांवर झालं. बिहारमधल्या बरौनी रिफायनरीला जाणारं कच्चं तेल पोरांनी अडवून धरलं. घोषणा होती ‘तेज दिम, तेल निदिओं’, तेज म्हणजे रक्त, रक्त देऊ पण तेल देणार नाही. दिल्लीला पहिल्यांदा कळलं की आसामात चहाशिवायही काही आहे.

मग १५ ऑगस्ट १९८५ चा आसाम करार. राजीव गांधींनी लाल किल्ल्यावरून जाहीर केला. त्यावर आसूतर्फे महंत आणि सरचिटणीस भृगुकुमार फुकन, गणसंग्राम परिषदेतर्फे बिराज शर्मा आणि केंद्रातर्फे सही कोणाची, तर आपल्या राम प्रधानांची! हो तेच, महाराष्ट्र केडरचे, यशवंतरावांबरोबर संरक्षण खात्यात काम केलेले, पुढे २६/११ नंतर ज्यांची समिती नेमली होती ते. तेव्हा ते केंद्रीय गृहसचिव होते.

ऑक्टोबरात गोलाघाटला आसाम गण परिषद स्थापन झाली, डिसेंबरात निवडणूक. पक्ष इतका नवा की आयोगाच्या कागदोपत्री उमेदवार अपक्षच होते, तरी १२६ पैकी साठच्या वर जागा आणि २४ डिसेंबरला शपथ. पक्ष दोन महिन्यांचा आणि सरकार पाच वर्षांचं. आणि पाच वर्षंसुद्धा पुरी झाली नाहीत, नोव्हेंबर १९९० ला राष्ट्रपती राजवट. १९९६ ला परत आले, २००१ ला गेले, ते गेलेच.

आता माझा मुद्दा, ज्यासाठी हा धागा काढला. महंतांबद्दल आपल्याकडे लिहून येतं ते ठरलेलं असतं, पोरं अननुभवी होती, सत्ता डोक्यात गेली, भांडली, खाल्लं, संपलं. यातलं बरंच खरं असेलही. पण मला वाटतं मूळ गोची वेगळी आहे. ज्या एका मागणीवर हे निवडून आले, म्हणजे परकीय नागरिक शोधा आणि बाहेर काढा, ती पुरी करणं दिसपूरच्या, म्हणजे आसामच्या राजधानीतल्या, खुर्चीत बसून शक्यच नव्हतं. नागरिकत्व हा केंद्राचा विषय, सीमा केंद्राची, बीएसएफ केंद्राचं, आणि वरून संसदेने केलेला १९८३ चा आयएमडीटी कायदा, जो फक्त आसामातच लागू होता. संयुक्त महाराष्ट्र समितीशी तुलना करून बघा. समितीने १९५७ ला मतं मागितली, १९६० ला राज्य मिळालं, आणि समिती विखुरली. वाईट वाटतं पण ते विखुरणं म्हणजे काम झाल्याचीच पावती होती. महंतांना सिंहासन आधी मिळालं आणि मागणी तशीच राहिली, मग ती तशीच राहणं हाच पक्षाचा खुराक झाला. या फासात सापडलेला माणूस अनुभवी असता तरी काय करणार होता?

चर्चा करूया. ज्यांचं तिकडं राहणं झालंय त्यांनी जरूर लिहा.

कोपऱ्यातला_वाचक

पिन मारतो, माफ करा. पाँडिचेरीचे फारूख १९६७ ला २९ व्या वर्षी मुख्यमंत्री झाले होते. त्यामुळे ‘सगळ्यात तरुण’ म्हणताना केंद्रशासित प्रदेश वगळून म्हणावं लागतं. बाकी लेख आवडला.

घाटमाथा

मान्य. राज्य म्हणतो.

बँकेतले आजोबा

मी १९८४ ते ८८ नगावला होतो, सरकारी बँकेत, बदली झाली तेव्हा आईने रडून घर डोक्यावर घेतलं होतं कारण पेपरात रोज आसामचं काहीतरी यायचं. त्यामुळे थोडं लिहितो, वयामुळे मागेपुढे होईल, सांभाळून घ्या.

करार झाला त्या दिवशीचं आठवतं. आपल्याला वाटेल सगळे नाचत होते, तसं नव्हतं. आमच्या शाखेतला कॅशियर आंदोलनात तुरुंगात जाऊन आलेला, तो दुपारपर्यंत कराराचे आकडेच मोजत बसला होता. कारण पोरांची मागणी होती १९५१ ची, म्हणजे १९५१ च्या नागरिक नोंदीनंतर आलेले सगळे परके. सही झाली ती २४ मार्च १९७१ वर. ६६ च्या आधीचे आपले झाले, १ जानेवारी १९६६ ते २४ मार्च ७१ मधले दहा वर्षं मतदार यादीतून बाहेर पण राहणार इथंच, आणि त्यानंतरचे तेवढे बाहेर काढायचे. कॅशियर म्हणाला, दादा, वीस वर्षं सोडून दिली आम्ही. हे मी आजतागायत विसरलो नाही. आंदोलनातले शहीद ८५५ मानतात तिकडे, १० डिसेंबरला खर्गेश्वर तालुकदारच्या नावाने शहीद दिवस असतो, आणि ज्या घरातला पोरगा गेला त्या घरात हा वीस वर्षांचा हिशोब कसा सांगायचा.

पण डिसेंबरात मात्र विचारू नका. निकाल लागले तेव्हा गामोसा (आसामी पंचा) डोक्याला बांधून पोरं रात्रभर रस्त्यावर. प्रफुल्लदा, भृगुदा, सगळे ‘दा’. मुख्यमंत्र्याला कोणी साहेब म्हणत नव्हतं. लोकांना वाटायचं घरचाच पोरगा बसलाय. आणि तीच पंचाईत झाली, कारण घरच्या पोराकडे माणूस अर्ज घेऊन जात नाही, हक्काने जातो. आंदोलनात अमक्याने लाठी खाल्ली, मग त्याला नोकरी, तमक्याच्या भावाला ठेका. वर्षभरात बँकेत कर्जाच्या शिफारशी यायला लागल्या, कोणाकोणाच्या ते सांगत नाही.

घाटमाथा, तुमचा मुद्दा पटतो पण अर्धाच. परकीयांचं दिल्लीकडे होतं हे खरं, पण १९८६ ला शाळांत आसामी सक्तीची करणारं परिपत्रक काढायला दिल्लीने सांगितलं नव्हतं. बराक खोरं बंगाली बोलणारं, तिथं पेटलं, २१ जुलै १९८६ ला करीमगंजला गोळीबारात दोघं गेले. १९६१ ला सिलचरला भाषेसाठी ११ जणांनी जीव दिलेला हे माहीत असून. बोडोंनाही ते परिपत्रक खुपलं.

तिरपागड्या

आजोबांनी सुरुवात केलीच आहे तर मी पुढचं बोलतो. धाग्याचा मुद्दा ऐकायला छान आहे, ‘खुर्चीतून शक्यच नव्हतं’. पण दिल्लीची खुर्चीसुद्धा मिळाली होती की हो! डिसेंबर १९८९ ला व्ही. पी. सिंहांचं सरकार आलं त्यात कायदामंत्री कोण? दिनेश गोस्वामी. आसाम गण परिषदेचे. निवडणूक सुधारणांचा १९९० चा गोस्वामी समितीचा अहवाल आजही लोक उद्धृत करतात, तेच. म्हणजे आयएमडीटी ज्या खात्याच्या टेबलावरून फिरतो तिथं स्वतःचा माणूस. नंतर १९९६ ते ९८ युनायटेड फ्रंटमध्ये पुन्हा सहभागी, बीरेंद्र बैश्य पोलाद मंत्री. दोन्ही वेळा कायद्याला ओरखडा नाही.

शेवटी तो कायदा कोणी घालवला? सर्वानंद सोनोवाल. तेही आसूचेच, महंतांच्या नंतरच्या पिढीतले अध्यक्ष. सुप्रीम कोर्टात गेले आणि १२ जुलै २००५ ला कायदाच घटनाबाह्य ठरवून आणला. मुख्यमंत्री असताना नाही, पंतप्रधानांच्या मांडीला मांडी लावून नाही, एक याचिका करून. आसूने त्यांना ‘जातीय नायक’ म्हटलं (त्यांच्या भाषेत जाती म्हणजे आसामी समाज, आपली जात नाही, गैरसमज नको). २०१६ ला भाजपचे मुख्यमंत्री झाले. मग प्रश्न राहतोच की दहा वर्षं मुख्यमंत्रिपदावर बसलेल्या माणसाला हे का सुचलं नाही.

माझं साधं म्हणणं आहे. आंदोलन चालवणं म्हणजे ‘नाही’ म्हणणं, आणि सरकार चालवणं म्हणजे रोज दहा जणांना वेगवेगळं ‘हो, पण’ म्हणणं. हे त्यांना जमलं नाही. आणि भृगु फुकन! एकाच करारावर शेजारी शेजारी सह्या केलेले दोघं, एक मुख्यमंत्री, एक गृहमंत्री, आणि सरकार पुरतं तीन वर्षांचंही होत नाही तोवर दोन तट. १९९१ ला फुकन बाहेर पडून नूतन आसाम गण परिषद काढतात आणि निवडणुकीत हितेश्वर सैकिया, आंदोलनाच्या काळातले काँग्रेसचे मुख्यमंत्री, ते आरामात परत येतात. आपल्याकडे समितीतही समाजवादी आणि कम्युनिस्टांचं जमलं नाही, पण निदान ते आधीपासून वेगवेगळ्या पक्षांचे होते. हे एकाच खोलीतले.

शिवण

आयएमडीटी म्हणजे नक्की काय ते कोणी सोपं करून सांगेल का, सगळे त्यावरच भांडताय आणि मला फुलफॉर्मपण माहीत नाही

घाटमाथा

शिवण, सांगतो. इल्लीगल मायग्रंट्स (डिटर्मिनेशन बाय ट्रायब्युनल्स) ॲक्ट, १९८३. तेव्हा देशभर परकीय नागरिक कायदा, १९४६ चा, लागू होता, त्यात पोलिसांनी पकडलं की मी भारतीय आहे हे त्या माणसाने सिद्ध करायचं. आसामात या खास कायद्याने ते उलटं केलं, जो तक्रार करतो किंवा जे पोलीस पकडतात त्यांनी सिद्ध करायचं की हा परका आहे. उद्देश असा सांगितला गेला की खऱ्या भारतीय अल्पसंख्याकांना उगाच छळलं जाऊ नये, आणि ती भीती काही हवेतली नव्हती. पण परिणाम बघा, सुप्रीम कोर्टाच्या निकालात आकडे आहेत, एप्रिल २००० पर्यंत तीन लाखांच्या वर चौकश्या सुरू केल्या, त्यातले दहा हजारांच्या आसपास परके ठरले आणि प्रत्यक्ष बाहेर काढले गेले १,४८१. ज्या मागणीसाठी राज्य सहा वर्षं बंद ठेवलं तिचा हा हिशोब.

तिरपागड्या, गोस्वामींचा मुद्दा लागला. पण त्या सरकारचं वय अकरा महिने, आणि १९८९ ला आसामात लोकसभा निवडणूकच झाली नव्हती, याद्यांचं काम चाललं होतं म्हणून, म्हणजे आसामचा एकही लोकसभा खासदार नाही, गोस्वामी राज्यसभेतले. युनायटेड फ्रंट तर काँग्रेसच्या बाहेरच्या पाठिंब्यावर उभा आणि कायदा काँग्रेसनेच केलेला. कोर्टात का गेले नाहीत याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. विद्यार्थी असते तर गेले असते कदाचित.

बोडोंचा विषय आजोबांनी काढला त्यात भर. २ मार्च १९८७ ला ऑल बोडो स्टुडंट्स युनियनने उपेंद्रनाथ ब्रह्मांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र राज्याची मागणी सुरू केली, घोषणा ‘आसामचे फिफ्टी फिफ्टी वाटे करा’. विद्यार्थी संघटना, बंद, रेल रोको, पिकेटिंग, सगळं तेच पुस्तक. समोर पोलीस पाठवणारं सरकार विद्यार्थी संघटनेतून आलेलं. महंतांना रोज सकाळी आरशात बघायला लागत असेल.

लोहितकाठ

मी मूळची सातारची, सासर नगाव जिल्ह्यातलं, गुवाहाटीत राहून आता बरीच वर्षं झाली. बराच वेळ वाचत होते, लिहू की नको करत होते. तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यात करार आहे, खुर्ची आहे, भृगु फुकन आहेत. दोन गोष्टी कोणीच काढल्या नाहीत आणि इथं महंतांचं नाव निघालं की लोक त्यावरच येतात, आवाज खाली करून.

पहिली नेली. १८ फेब्रुवारी १९८३. इंदिरा गांधींनी आंदोलनाच्या तोंडावर निवडणूक रेटली, आसूने बहिष्कार घातला, आणि त्या दिवशी सकाळी काही तासांत नेली आणि आजूबाजूच्या गावांत सरकारी आकड्याप्रमाणे १,८०० च्या वर माणसं मारली गेली, बहुतेक पूर्वबंगाली वंशाचे मुसलमान, बायका मुलं जास्त कारण पळता आलं नाही. गाव तेव्हा नगाव जिल्ह्यातच होतं, आता मोरीगावात. हे महंतांनी केलं असं मी म्हणत नाहीये. पण पुढे त्याच आंदोलनातून सरकार आलं, आणि त्या खटल्यांत आजवर एकालाही शिक्षा झालेली नाही. ८५५ शहिदांची आठवण होते, व्हायलाच पाहिजे, माझ्या सासऱ्यांचा मित्र त्यात आहे. पण नेलीत मेलेल्यांसाठी कुठला दिवस नाही.

दुसरी गुप्तहत्या. इथं हाच शब्द आहे. १९९८ ते २००१, महंतांची दुसरी टर्म. रात्री तोंडं बांधलेली माणसं यायची, दार वाजायचं, आणि उल्फात (वेगळ्या आसामसाठी लढणारी सशस्त्र संघटना) गेलेल्या माणसाचा भाऊ, बाप, मेहुणा जो कोणी घरात सापडेल त्याला घेऊन जायची नाहीतर उंबऱ्यातच गोळ्या. लोक म्हणायचे शरण आलेले उल्फावाले, म्हणजे सुल्फा, आणि पोलीस मिळून करतात. न्या. के. एन. सैकिया आयोगाचा अहवाल २००७ ला विधानसभेत आला त्यात महंतांकडे बोट होतं, कारण गृहखातं त्यांच्याकडेच. महंतांनी आरोप कायम नाकारले, आणि २०१८ ला गुवाहाटी हायकोर्टाने आयोगाची नेमणूकच नियमाला धरून नव्हती म्हणून अहवाल बाद केला. त्यामुळे कायद्याने त्यांच्यावर काही सिद्ध नाही, हे स्पष्ट लिहिते. पण माझ्या नणंदेच्या सासरी अजून रात्री दहानंतर दार वाजलं की आधी दिवा बंद करतात, मग विचारतात कोण.

घाटमाथा, तुम्ही म्हणता फासात सापडलेला माणूस. उल्फा स्थापन झाली ७ एप्रिल १९७९ ला शिवसागरच्या रंगघरात, म्हणजे आंदोलनाच्या जवळजवळ जोडीनेच. एकाच गावातली पोरं, काही आसूत काही उल्फात, काही दोन्हीकडे. पहिल्या टर्ममध्ये यांनी उल्फाकडे काणाडोळा केला, चहामळेवाल्यांकडून खंडणी उघड चालायची, एप्रिल १९९० ला चहा उद्योजक सुरेंद्र पॉलना मारलं, मग मळ्यांच्या साहेबांना विमानाने हलवायची वेळ आली, आणि मग उल्फाविरुद्ध लष्कराचं ऑपरेशन बजरंग. दुसऱ्या टर्ममध्ये तेच महंत लष्कर, पोलीस, निमलष्करी दलांची युनिफाइड कमांड घेऊन बसले. त्यांनाही सोडलं नाही, १९९७ ला त्यांच्या ताफ्यावर स्फोट झाला त्यातून वाचले. २००० ला त्यांचे मंत्री नागेन शर्मा नलबारीत स्फोटात गेले. भीती त्यांनाही होती, ते मी नाकारत नाही.

बँकेतले आजोबा

ताई, वाचून गप्प बसलो थोडा वेळ. नेलीच्या नंतर वर्षभराने मी तिथं गेलो होतो तेव्हा त्या रस्त्याने बस जायची, आणि बसमधलं बोलणं त्या पट्ट्यात थांबायचं. मी नवीन, मला वाटायचं लोक झोपलेत.

तिरपागड्या

लोहितकाठ, तुमच्या पोस्टनंतर माझा ‘हो, पण’वाला मुद्दा हलका वाटायला लागलाय. एक विचारतो, मग लोकांनी त्यांना निवडून तरी का दिलं? बऱ्हमपूरमधून १९९१ पासून दर वेळी तेच आमदार. पक्षाने २००५ ला हाकललं, यांनी प्रगतिशील नावाचा वेगळा गट काढला, २००६ ला त्या गटाचा एकटा माणूस निवडून आला तो हाच.

लोहितकाठ

कारण बऱ्हमपूरमध्ये ते मुख्यमंत्री नव्हतेच कधी, प्रफुल्लदाच होते. लग्नाला येणार, श्राद्धाला येणार, नामघराच्या (गावच्या प्रार्थनाघराच्या) पत्र्याला पैसे देणार. माझे सासरे गुप्तहत्येवरून त्यांना शिव्या घालायचे आणि मत त्यांनाच द्यायचे. विचारलं तर म्हणायचे, करारावर सही आहे ना त्याची. ती सही लोकांनी आपलीच मानली होती. चुकलेल्या सहीसकट.

आणि कराराने काहीच दिलं नाही असंही नका म्हणू, आयआयटी गुवाहाटी त्या करारातली, नुमालीगढ रिफायनरीला तर इथं अजून अकॉर्ड रिफायनरी म्हणतात. माझा भाचा तिथं नोकरीला आहे आणि त्याला महंत कोण हे नीट सांगता येत नाही 😀

कोपऱ्यातला_वाचक

एलओसी घोटाळा राहिला. लेटर ऑफ क्रेडिटवर सरकारी खात्यांतून पैसे उचलल्याचं प्रकरण, सीबीआयने महंतांवर खटल्याची परवानगी मागितली आणि राज्यपाल ले. जन. एस. के. सिन्हांनी ती नाकारली. त्यामुळे महंतांवर खटला चाललाच नाही. विरोधकांना २००१ पर्यंत पुरलं मात्र. त्या वर्षी भाजपशी युती केली, दोघंही आपटले, तरुण गोगोई आले ते पंधरा वर्षं.

शिवण

मी वाचतेय सगळं. मला एक कळत नाही, एनआरसी (नागरिक नोंदवही) आणि सीएएच्या (नागरिकत्व दुरुस्ती कायदा) वेळी महंत कुठे होते? तेव्हा तर टीव्हीवर आसामच आसाम होतं

घाटमाथा

चांगला प्रश्न, आणि माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला हा एकच तुकडा सरळ रेषेत आहे. एनआरसीची शेवटची यादी ३१ ऑगस्ट २०१९ ला आली, १९,०६,६५७ लोक बाहेर राहिले, कट ऑफ तोच, २४ मार्च १९७१, म्हणजे महंतांच्या सहीचा. आणि त्याच वर्षी डिसेंबरात सीएए आला, त्यात बांगलादेशातून आलेल्या हिंदूंना वगैरे ३१ डिसेंबर २०१४ पर्यंतची मुभा. म्हणजे १९७१ ची रेघ एका बाजूने पुसली. अगप (आसाम गण परिषद) तेव्हा भाजपबरोबर सत्तेत. जानेवारीत विधेयकावरून रागावून बाहेर पडली, मार्चमध्ये लोकसभा जवळ आली तशी परत गेली, आणि डिसेंबरात राज्यसभेत अगपच्या खासदाराने विधेयकाच्या बाजूने मत दिलं. ते खासदार म्हणजे तिरपागड्यांनी वर सांगितलेले बीरेंद्र बैश्य. महंत सुरुवातीपासून विरोधात, शेवटपर्यंत विरोधात. सत्तरीकडे आलेला, हाकलल्यावर पुन्हा पक्षात परतलेला माणूस स्वतःच्या पक्षाविरुद्ध बोलत होता की करार मोडतोय.

त्या आंदोलनातून पुन्हा दोन नवे पक्ष निघाले, आसूच्या लुरिनज्योती गोगोईंचा आसाम जातीय परिषद आणि अखिल गोगोईंचा रायजोर दल. १९८५ चीच गोष्ट परत होणार असं पुष्कळांना वाटलं. जातीय परिषदेला २०२१ ला भोपळा, अखिल गोगोई मात्र तुरुंगातूनच शिवसागरला निवडून आले. आणि गंमत बघा, ज्यांच्याविरुद्ध ते लढत होते ते सोनोवालही आसूचे, हिमंत बिस्व सरमाही शाळकरी वयात आंदोलनात होते. म्हणजे १९८५ चा पक्ष वाळला तरी त्या शाळेतली पोरं सगळीकडे पेरली गेलीत.

तिरपागड्या

तुमच्या समितीच्या तुलनेवर परत येतो, सकाळपासून डोक्यात घोळतेय. समितीकडे आचार्य अत्रे होते, एसेम होते, डांगे होते, सगळे पन्नाशी साठीतले, आपापल्या क्षेत्रात आधीच मोठे. मागणी संपल्यावर त्यांच्याकडे परत जायला काहीतरी होतं, पेपर होता, कामगार संघटना होती. महंतांकडे काय होतं? कायदा शिकत असताना आंदोलनात पडले, सहा वर्षांनी बाहेर आले ते मुख्यमंत्री होऊनच. परत जायला एक खोली होती हॉस्टेलची, ती दुसऱ्या कुणाला दिलेली असणार. त्यामुळे हाकललं तरी राजकारणातच, हरले तरी राजकारणातच. तुमचा मुद्दा मी अर्धा घेतो, फास होता. पण तो करारापेक्षा वयाचा जास्त होता.

बँकेतले आजोबा

हे पटलं. आमचा कॅशियर परत काउंटरवर आला आणि रिटायर होईपर्यंत नोटा मोजल्या. त्याला कोणी विचारलंही नाही आणि कोणी शिव्याही दिल्या नाहीत.

शिवण

आणि २०२१ ला महंत हरले का मग?

लोहितकाठ

नाही हो, उभेच राहिले नाहीत. युतीच्या वाटपात अगपने बऱ्हमपूर भाजपला सोडलं, तिथून २०२१ ला जितू गोस्वामी निवडून आले, भाजपचे.

तिरपागड्या

म्हणजे तिकीट कापायचीसुद्धा गरज पडली नाही. जागाच देऊन टाकली.